युद्धकाळातील सुपरहिरो आणि त्यांचे चित्रकार

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत निघालेल्या सुपरहिरो कॉमिक्सबद्दल सहसा दोन मते ऐकू येतात. हा सगळा सरकारी प्रचार होता, हे पहिले. ही पोरांची करमणूक होती आणि युद्ध पेटल्यावर खलनायकांच्या दंडावर स्वस्तिकाचा पट्टा चढला एवढेच, हे दुसरे. दोन्हींत थोडे तथ्य आहे, पण ती पाने काढणारा माणूस दोन्हींत कुठेच दिसत नाही. या विवेचनात त्या माणसाला मध्यभागी ठेवले आहे. कोणते चित्र कोणी आणि कधी काढले, काढताना त्याला मोकळीक किती होती, हाताशी साधने कोणती होती, असे विचारत गेले की या साहित्याचे तीन टप्पे वेगळे होतात. अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वी या पानांवर जे आले ते चित्रकारांचे स्वतःचे मत होते. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर त्या मताचा प्रचार झाला. आणि जे चित्रकार आघाडीवर जाऊन आले, त्यांच्या युद्धचित्रांतून रंगीत पोशाखातला नायकच नाहीसा झाला. यांपैकी पहिला टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि दुसरा सर्वांत लांच्छनास्पद.

धंदा आणि छापखाना

सुपरमॅन अवतरला तो जून १९३८ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात. लेखक जेरी सीगल आणि चित्रकार जो शुस्टर ही क्लीव्हलँडची जोडी, दोघेही ज्यू स्थलांतरितांची मुले. या पात्राचे सगळे हक्क त्यांनी १३० डॉलरला विकले. अंकाची किंमत दहा सेंट. खप पाहून डझनावारी प्रकाशक या धंद्यात उतरले आणि त्यांना पाने पुरवण्यासाठी न्यूयॉर्कमध्ये चित्रकारांचे कारखानेच उभे राहिले. विल आयस्नर आणि जेरी आयगर यांचा स्टुडिओ, हॅरी चेस्लरचा स्टुडिओ, ‘फनीज इन्कॉर्पोरेटेड’ ही त्यांतली ठळक नावे. एकाने पेन्सिलीने आकृत्या काढायच्या, दुसऱ्याने फुग्यांतली अक्षरे लिहायची, तिसऱ्याने कुंचल्याने शाई फिरवायची, एखाद्या नवख्याने पार्श्वभूमी भरून पेन्सिलीच्या रेषा खोडायच्या. पैसे मिळायचे ते पानामागे. पात्रावर हक्क नाही, मूळ चित्र परत मिळत नाही, बहुतेक वेळा पानावर नावही नाही.

असे काम करायला कोण येणार? जाहिरातसंस्था आणि गुळगुळीत कागदावरची मोठी मासिके यांचे दरवाजे ज्यू आणि इटालियन वस्त्यांतल्या पोरांना सहसा बंद असत. चित्रकलेच्या बाजारातली सर्वांत खालची पायरी म्हणजे कॉमिक्स, आणि तिथे आडनाव कोणी विचारत नव्हते. जेकब कुर्ट्झबर्ग हा जॅक कर्बी झाला, रॉबर्ट काह्न हा बॉब केन झाला, स्टॅन्ली लीबर हा स्टॅन ली झाला. ज्यांचे आईवडील मध्य आणि पूर्व युरोपातून आले होते, त्यांच्यासाठी हिटलर ही दूरच्या देशाची बातमी नव्हती. तिकडून येणाऱ्या पत्रांत त्याचे नाव होते.

दुसरी गोष्ट छापखान्याची, आणि ती समीक्षक फार सहज ओलांडून जातात. मूळ चित्र जाड ब्रिस्टल कागदावर, छापील पानाच्या सुमारे दुप्पट आकारात काढले जाई. छपाई मात्र स्वस्त न्यूजप्रिंटवर, चार प्लेटांनी: पिवळी, लाल, निळी, काळी. रंगांच्या मधल्या छटा ठिपक्यांनी साधायच्या आणि कागद शाई पिऊन पसरवायचा. नाजूक छायाप्रकाश अशा कागदावर टिकतच नसे. म्हणून रेषा जाड हवी, आकृतीची कड लांबून ओळखू यावी, पोशाख सपाट भडक रंगांत हवा. लाल आणि निळा भरीव छापला आणि मधला कागद कोरा सोडला की अमेरिकेचा ध्वज तयार. देशभक्त नायकांची लाटच्या लाट आली त्यामागे भावना होती हे खरेच, पण तो पोशाख छापखान्यालाही फार सोयीचा होता. ध्वजाचे रंग अंगावर घेतलेला पहिला नायक ‘द शील्ड’, जानेवारी १९४० च्या ‘पेप कॉमिक्स’मधला, चित्रे अर्व्ह नोव्हिकची. कॅप्टन अमेरिका त्याच्या मागून आला. त्याची पहिली त्रिकोणी ढाल शील्डच्या छातीवरच्या कवचासारखी दिसते अशी तक्रार झाली आणि दुसऱ्या अंकापासून ती गोल करावी लागली. आज जगभर ओळखली जाणारी ती गोल ढाल धंद्यातल्या भांडणातून आली आहे.

मताचा काळ

फेब्रुवारी १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जर्मन अमेरिकन बुंड या नाझी धार्जिण्या संघटनेची सभा भरली. सुमारे वीस हजार माणसे जमली होती. युरोपच्या भांडणात आपण पडू नये, असे मानणारा मोठा वर्ग देशात होता. कॉमिक्सच्या पानांवर हिटलर आला तो अशा वातावरणात.

फेब्रुवारी १९४० मध्ये ‘लुक’ या लोकप्रिय नियतकालिकासाठी सीगल आणि शुस्टर यांनी दोन पानांची चित्रकथा केली. सुपरमॅन हिटलरला उचलतो, वाटेत स्टालिनलाही पकडतो आणि दोघांना जिनिव्हात राष्ट्रसंघापुढे उभे करतो. न्याय निकालाने व्हावा, मारून नव्हे, हा तिचा सूर. एप्रिलमध्ये एसएस या नाझी संघटनेच्या ‘दास श्वार्झे कोर’ या साप्ताहिकाने तिच्यावर लेख छापून सीगलच्या ज्यू असण्यावर गरळ ओकली. एका चित्रकथेला बर्लिनहून उत्तर द्यावेसे वाटले, यावरून ती नेमकी कुठे लागली हे कळते.

या टप्प्याचा कळस म्हणजे ‘कॅप्टन अमेरिका कॉमिक्स’चा पहिला अंक. अंकावर तारीख मार्च १९४१ ची असली तरी तो विक्रीला आला डिसेंबर १९४० मध्ये, म्हणजे पर्ल हार्बरच्या जवळपास वर्षभर आधी. निर्मिती जो सायमन आणि जॅक कर्बी यांची, प्रकाशक मार्टिन गुडमन यांची टाइमली. मुखपृष्ठ नीट पाहावे. नायक हिटलरच्या मुख्यालयात घुसला आहे आणि त्याचा उजवा ठोसा हिटलरच्या जबड्यावर बसला आहे. सभोवती सैनिक गोळ्या झाडताहेत, एक गोळी ढालीवर आपटते आहे. अमेरिकेचा नकाशा आणि घातपाताच्या योजनेचे कागद दिसतात. भिंतीवरच्या पडद्यावर एक हस्तक अमेरिकेतला दारूगोळ्याचा कारखाना उडवतो आहे. इतका पसारा असूनही नजर क्षणभर भरकटत नाही, कारण नायकाच्या अंगाचा सगळा झोक त्या एका मुठीकडे जातो. पडदा आणि नकाशा यांचे काम वेगळे आहे: युद्ध इथवर आले आहे, हे ते सांगतात. आपण अलिप्त राहू म्हणणाऱ्याला दिलेले हे चित्रातले उत्तर आहे आणि त्यासाठी एकही भाषण लागलेले नाही.

कर्बीचा ठोसा इतरांच्या ठोशांपेक्षा वेगळा का वाटतो? त्याच्या आधीच्या बहुतेक कॉमिक्समध्ये मारामारी बाजूने दिसते, रंगमंचावर चालल्यासारखी. कर्बीच्या आकृत्या वाचकाच्या अंगावर येतात, पाय चौकटीची रेघ ओलांडतात, शरीर ताणून पार वाकलेले असते. हे तो कोणत्याही कलाशाळेत शिकला नव्हता. लोअर ईस्ट साइडच्या चाळवजा इमारतींत वाढलेल्या या मुलाने गल्लीतल्या टोळीयुद्धांत मार दिला होता आणि खाल्लाही होता, आणि ते तो उघडपणे सांगे. १९४१ मध्येच त्याने एकच दृश्य समोरासमोरच्या दोन पानांवर पसरून काढायला सुरुवात केली. चौकट हा नियम नसून ती मोडण्यासाठी आहे, हा धडा पुढच्या दोन पिढ्यांनी त्याच्याकडून घेतला.

अंकाचा खप दहा लाखांच्या घरात गेला. त्याबरोबर धमक्यांची पत्रे आणि फोन आले, कचेरीच्या इमारतीबाहेर संशयास्पद माणसे घुटमळू लागली. सायमनने लिहून ठेवले आहे की महापौर फियोरेल्लो ला गार्डिया यांनी स्वतः फोन करून संरक्षणाची हमी दिली. या धोक्याकडे पाहिल्याशिवाय त्या मुखपृष्ठाचे मोल कळत नाही. सरकारने मागणी केलेली नव्हती, बहुसंख्य लोकांचे मत निश्चित नव्हते, आणि काढणारे हात पानामागे पैसे घेणाऱ्या पोरांचे होते. दहा अंकांनंतर नफ्यातल्या वाट्यावरून वाद होऊन सायमन आणि कर्बी टाइमली सोडून गेले. नायक मात्र प्रकाशकाकडेच राहिला.

सर्वशक्तिमान नायकाची अडचण

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरल्यावर प्रश्न उलटा झाला. सुपरमॅन एका दुपारी युद्ध संपवू शकतो, मग तो ते संपवत का नाही? वाचकाचा भाऊ पॅसिफिकमध्ये मरत असताना नायकाने बर्लिन उचलून समुद्रात टाकले तर ती मेलेल्यांची थट्टा ठरली असती. यावर सीगलने काढलेली वाट मला फार हुशारीची वाटते. १९४२ च्या सुरुवातीला वृत्तपत्रातल्या मालिकेत क्लार्क केंट भरतीसाठी जातो आणि डोळ्यांच्या तपासणीत नापास होतो, कारण उत्साहाच्या भरात त्याची नजर भिंतीपलीकडे जाते आणि तो शेजारच्या खोलीतला तक्ता वाचतो. हे पात्र प्रथम ज्याने रेखाटले त्या शुस्टरचे डोळे मुळातच अधू होते. सीगल १९४३ मध्ये सैन्यात गेला, शुस्टर घरी राहिला आणि सुपरमॅनची पाने अधिकाधिक मदतनीसांच्या हाती गेली.

यातून एक चमत्कारिक विभागणी झाली. सुपरमॅनच्या अंकांच्या मुखपृष्ठावर युद्ध असे, आत बहुधा नेहमीचे गुंड आणि घरभेदे. १९४२ च्या एका मुखपृष्ठावर सुपरमॅनने हिटलरला आणि जपानच्या नेत्याला मानगुटीला धरून उचलले आहे, पण आतल्या कथांशी त्याचा संबंध नाही. मुखपृष्ठ ही या काळात स्वतंत्र कला झाली, आणि तिचा खरा धनी ॲलेक्स शॉम्बर्ग. जन्म पोर्टो रिकोतला, आधी सवंग मासिकांसाठी काम केलेले. टाइमलीसाठी त्याने ह्यूमन टॉर्च, सब-मरीनर आणि कॅप्टन अमेरिका यांची मुखपृष्ठे मोठ्या संख्येने काढली. त्याच्या एका चौकटीत बंकर, दोरखंड, यंत्रे, कैदी, डोंगरातली गुप्त फॅक्टरी असे इतके काही मावते की मूल तासभर त्यात बोट फिरवत बसेल. कर्बीकडे जोर होता, शॉम्बर्गकडे तपशिलाची श्रीमंती. आतली कथा पुष्कळदा त्याच्या मुखपृष्ठापुढे फिकी पडे.

मुलांकडून काय अपेक्षा होती तेही याच पानांवर वाचता येते. कॅप्टन अमेरिकाच्या ‘सेंटिनल्स ऑफ लिबर्टी’ मंडळाचे सभासद व्हा, दहा सेंट पाठवा, बिल्ला मिळवा. युद्धरोखे आणि बचतीची तिकिटे घ्या. रद्दी गोळा करा. या शेवटच्या आवाहनाला मुलांनी इतका प्रतिसाद दिला की त्यांची कॉमिक्सही लगद्यात गेली. त्या वर्षांचे अंक आज दुर्मीळ आहेत त्याचे हे एक मोठे कारण. कागदावर नियंत्रण आले, पाने घटत गेली, किंमत दहा सेंटच राहिली.

पुरुष चित्रकार भरती झाल्याने रिकाम्या टेबलांवर स्त्रिया आल्या. त्यांतल्या लिली रेने हिच्याविषयी फार कमी लिहिले गेले आहे. व्हिएन्नातली ज्यू मुलगी, १९३९ मध्ये मुलांच्या सुटकेसाठीच्या गाडीने इंग्लंडला पोहोचली, तिथे घरकाम केले, पुढे न्यूयॉर्कला आईवडिलांकडे आली. ‘फिक्शन हाउस’मध्ये तिने सुरुवातीला पार्श्वभूमी काढणे आणि रेषा खोडणे असली कामे केली आणि मग ‘सेन्योरिटा रिओ’ ही नाझींविरुद्ध लढणारी हेर तिच्या हाती आली. तिच्या रेषेत व्हिएन्नाच्या सजावटीचे संस्कार आहेत: कपड्यांच्या चुण्या, केसांचे वळण, लांबट सावल्या. सही ‘एल. रेने’ अशी, त्यामुळे वाचकांची पत्रे पुरुषाच्या नावाने येत. नाझींनी जिला घरातून घालवले, तिने त्यांना अंकामागून अंकात कागदावर हरवले. याला मी प्रचार म्हणणार नाही.

पिवळी प्लेट

आता लांच्छनाचा भाग, आणि तो चित्रकलेच्या अंगाने तपासला पाहिजे, कारण गुन्हा रेषेतच झाला आहे. जर्मन शत्रू या पानांवर माणूस असतो. त्याला नाव असते, एकचष्मा असतो, हुद्दा असतो. शेजारी एखादा चांगला जर्मनही असतो. जपानी शत्रू झुंडीने येतो: सगळ्यांचे चेहरे एक, पुढे आलेले सुळे, जाड चष्मे, नख्यांसारखी बोटे. गोऱ्या माणसाची कातडी लाल आणि पिवळ्या ठिपक्यांच्या मिश्रणातून गुलाबी छापली जाई. जपानी माणसासाठी पुष्कळदा झगझगीत पिवळाच वापरत. कोणती कातडी कशी छापायची हा निर्णय रंगाची खूण करणाऱ्याने प्रत्येक पानावर नव्याने घेतला होता. ‘धंद्याची पद्धतच होती’ म्हणून त्यातून सुटता येत नाही. मार्च १९४३ च्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या मुखपृष्ठावर सुपरमॅन स्वतः छापयंत्र फिरवतो आहे आणि त्यातून जपान्यांना थप्पड मारा असे सांगणारी, युद्धरोख्यांची भित्तिपत्रके निघताहेत. त्याच वेळी सुमारे १,२०,००० जपानी वंशाचे लोक, त्यांत बहुसंख्य अमेरिकी नागरिक, सरकारी छावण्यांत काटेरी कुंपणाआड होते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात सुपरमॅनच्या वृत्तपत्रीय मालिकेने अशाच एका छावणीची कथा रंगवली आणि छावणीतल्यांना घातपाती दाखवले. छावण्या चालवणाऱ्या सरकारी खात्यानेच तिला आक्षेप घेतला. सरकारने कॉमिक्सकडून द्वेष काढून घेतला, हे सोपे स्पष्टीकरण इथे कोलमडते. सरकारच्या मदतीने चालणाऱ्या ‘रायटर्स वॉर बोर्ड’ या लेखकमंडळाने १९४३ मध्ये कॉमिक्ससाठी वेगळी समिती नेमून कथांना वळण दिले हे खरे, पण सुळे त्याआधीच काढले गेले होते.

दुसरे काही शक्य नव्हते का? होते, आणि त्याला पुरावा आहे. कॅप्टन मार्व्हलच्या अंकांत स्टीमबोट नावाचे कृष्णवर्णीय नोकराचे विडंबन होते. न्यूयॉर्कच्या शाळकरी मुलांचा एक गट प्रकाशकाच्या कचेरीत गेला, हे चित्र आमचा अपमान करते असे त्यांनी सांगितले, आणि १९४५ मध्ये ते पात्र बंद झाले. मुलांना जे दिसत होते ते मोठ्यांना दिसू शकले असते. १९४४ च्या ‘ब्लेझिंग कॉमिक्स’मध्ये चू हिंग या चिनी अमेरिकी चित्रकाराने ‘ग्रीन टर्टल’ काढला. हा नायक चीनमध्ये जपान्यांशी लढतो, पण त्याचा चेहरा पूर्ण कधीच दिसत नाही; तो पाठमोरा असतो, नाहीतर हात किंवा अंगरखा आड येतो. नायक चिनी असावा ही चित्रकाराची इच्छा प्रकाशकाला मान्य नव्हती, असा तर्क अभ्यासक करतात. मला तो पटतो, कारण पानेच तशी साक्ष देतात: कातडी अनैसर्गिक गुलाबी छापलेली, आणि चेहरा चित्रकाराने शेवटपर्यंत झाकून ठेवलेला.

आघाडीवरून परत

कर्बीला १९४३ मध्ये बोलावणे आले. ऑगस्ट १९४४ मध्ये तो नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला आणि जनरल पॅटनच्या तिसऱ्या सैन्यात पायदळातला शिपाई म्हणून लढला. कॅप्टन अमेरिका काढणारा तो हाच, हे कळल्यावर एका अधिकाऱ्याने त्याला टेहळणीवर धाडायला सुरुवात केली: पुढे जायचे, शत्रूची ठाणी पाहायची, नकाशे काढून आणायचे. चित्रकला येते म्हणून जीव जास्त धोक्यात. हिवाळ्यात पाय हिमदंशाने काळे पडले, कापावे लागतील असे वाटले, ते थोडक्यात वाचले.

आयस्नरची वाट वेगळी. ‘द स्पिरिट’चा हा निर्माता सैन्याच्या ‘आर्मी मोटर्स’ मासिकासाठी जो डोप नावाच्या गबाळ्या शिपायाची चित्रे काढत होता. वंगण वेळेवर घाला, नट तपासा, गाडी बंद पडण्याआधी दुरुस्त करा. माझ्या समजुतीने युद्धकाळातली सर्वांत उपयोगी कॉमिक्स हीच, आणि त्यात सुपरहिरो नाही.

युद्धानंतर रंगीत पोशाखातल्या नायकांचा खप घसरला आणि बहुतेक अंक बंद पडले. १९५४ मध्ये सायमन आणि कर्बी यांनी स्वतःच्या संस्थेतून ‘फॉक्सहोल’ काढले. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर डोक्याला पट्टी बांधलेला जखमी शिपाई घरी पत्र लिहितो आहे आणि मागे किनाऱ्यावर प्रेते पडली आहेत. ठोसा नाही, ढाल नाही. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटमध्ये कॉमिक्सविरुद्ध सुनावण्या झाल्या आणि धंदा हादरला. ‘फॉक्सहोल’ थोडक्या अंकांत आटोपले. या चित्रकाराचे युद्धावरचे सर्वांत प्रामाणिक काम त्यामुळे फार थोड्यांनी पाहिले.

या सगळ्यावरून मूल्यमापनाचा एक निकष हाती येतो. १९४० चे ते मुखपृष्ठ कलाकृती म्हणून पाहावे, कारण त्यात जोखीम चित्रकाराची होती. १९४३ चे सुळेवाले जपानी पुराव्याचा कागद म्हणून जपावेत, पुनर्मुद्रणात पुसून टाकू नयेत; पुसल्याने दोष जात नाही, फक्त दिसेनासा होतो. मराठी वाचकापुरता मुद्दा आणखी जवळचा आहे. ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून आपण वेताळ वर्षानुवर्षे वाचला. त्याचा पहिला चित्रकार रे मूर १९४२ मध्ये सैन्यात गेला आणि विल्सन मॅकॉयने काम हाती घेतले. वेताळाचा निर्माता म्हणून ली फॉकचे नाव निदान घेतले जाते, या दोघांचे क्वचितच. मराठीत चित्रकथांवर जे कोणी लिहितील, त्यांनी पात्राच्या नावाशेजारी चित्रकाराचे नाव दरवेळी लिहावे, एवढी विनंती आहे.